सुगंधी तेले आणि खुराड्यातील अदृश्य शत्रू

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेल्या आगगाडीत आपण खिडकीशी बसलात, तर सुमारे २५ किलोमीटरवर पापनाशम हे गाव लागेल. दोन्ही अंगांना कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली भातखाचरे, मधून मधून नारळी-केळीच्या बागा आणि कुंभकोणमच्या प्रसिद्ध विड्याच्या पानांचे मळे असा हा सारा मुलूख आहे. गावालगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात एक जुने विटांचे धान्यकोठार अजून उभे आहे. तंजावरच्या नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले. त्यात ३००० कलम भात मावे, असे सांगतात. जेथे जमिनीत बोटभर खणले तरी ओल लागते, तेथे पोटाचे धान्य कोरडे कसे राखावे, या प्रश्नाला त्या बांधकाम करणाऱ्यांनी दिलेले ते उत्तर होय.

वाचकहो, आजचा आपला विषय धान्याचा नाही, कोंबड्यांचा आहे. परंतु या कोठाराची आठवण मनात राहू द्या. लेखाच्या अखेरीस तिचा उपयोग होईल.

परसातील चार-दहा कोंबड्या म्हणजे खेड्यातील गृहिणीची स्वतःची अशी छोटीशी पेढीच असते. अंडी मुलांच्या ताटात पडतात. वेळप्रसंगी एखादा कोंबडा विकून शाळेची फी भरली जाते. २०१९ सालच्या पशुगणनेत आपल्या देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी आढळले. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी कारखानदारी पद्धतीच्या कुक्कुटशाळांत नसून घरोघरच्या परसांत होते. एकट्या तामिळनाडूचा वाटा १२ कोटींच्या घरात जातो, आणि या बाबतीत ते राज्य देशात पहिले ठरले. अशा या पेढीवर दरोडा घालणारे शत्रू दोन प्रकारचे असतात. मुंगूस, रानमांजर, घार हे दिसणारे. आणि दुसरे, डोळ्यांना न दिसणारे परोपजीवी जंतू. पहिल्यांवर दगड मारता येतो. दुसऱ्यांचे काय करावे?

रक्ती हगवण

तंजावरकडे पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. आपल्याकडे तो जूनमध्ये सुरू होतो. महिने निराळे असले तरी खुराड्यातील परिणाम एकच. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले एकाएकी खाणे टाकतात, पंख पाडून, पिसे फुलवून एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. तुरा पांढुरका पडतो आणि विष्ठेत रक्त दिसू लागते. आज दोन, उद्या चार, अशी पिल्ले दगावतात. आपल्याकडे या रोगाला रक्ती हगवण म्हणतात. पशुवैद्यकाच्या भाषेत तो कॉक्सिडिओसिस होय.

या रोगाचे मूळ आयमेरिया नावाच्या एकपेशीय परोपजीवीत आहे. कोंबड्यांत त्याच्या सात जाती प्रसिद्ध असून प्रत्येकीने आतड्याचा आपापला भाग वाटून घेतलेला आहे. त्यांतील आयमेरिया टेनेला ही जात आतड्याच्या शेवटाकडील दोन अंध पिशव्यांत वस्ती करते आणि तेथूनच रक्त वाहू लागते. रोगी पक्ष्याच्या विष्ठेतून या जंतूची कवचधारी बीजे बाहेर पडतात. बाहेर पडताक्षणी ती निरुपद्रवी असतात. परंतु ओल, ऊब आणि हवा ही तीन मिळाली, की एक-दोन दिवसांत प्रत्येक बीजाच्या पोटात आठ सूक्ष्म जीव तयार होतात. दुसऱ्या पिलाने दाण्याबरोबर ते बीज टिपले, की पेषणीत कवच फुटते, आतील जीव आतड्याच्या पेशींत शिरतात, तेथे वाढतात आणि पेशी फोडून पुढल्या पेशींवर धाड घालतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पिलू मरणाच्या दारात असते आणि त्याच्या विष्ठेतून पुन्हा असंख्य बीजे जमिनीवर पडत असतात.

या बीजाचे कवच विलक्षण चिवट असते. नेहमीच्या फिनेलला ते दाद देत नाही. ओलसर मातीत ते महिनोन्‌महिने जिवंत राहते. मात्र कडक ऊन, उकळते पाणी आणि कोरडेपणा यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याभोवतीच फिरणार आहे.

औषधे आली, पण…

१९३९ साली अमेरिकेत सल्फा औषधांचा या रोगावर गुण येतो असे दिसून आले. १९४८ च्या सुमारास सल्फाक्विनॉक्सॅलिन आणि १९६० च्या सुमारास अँप्रोलियम ही औषधे बाजारात आली. अँप्रोलियमची युक्ती मोठी मौजेची आहे. ते रूपाने ‘ब-१’ जीवनसत्त्वासारखे दिसते. जंतू फसून त्यालाच जीवनसत्त्व समजून घेतो आणि उपासमारीने मरतो. पुढे १९७१ पासून मोनेन्सिन व त्याच्या वर्गातील औषधे खाद्यातूनच देण्याची प्रथा पडली. स्वस्त कोंबडी व स्वस्त अंडी जगाला मिळाली, त्यात या औषधांचा वाटा फार मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु कोणतेही औषध वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या एकसारखे दिले, की जंतू त्याला सरावतात. येथेही तेच झाले. एकामागून एक औषधे बोथट होत गेली. मोनेन्सिनसारखे औषध कोंबडीला पचते, पण तेच खाद्य चुकून घोड्याच्या तोंडी लागले तर त्याचे प्राण जातात. दुसरीकडे, पशुखाद्यातील प्रतिजैविकांमुळे माणसाच्या रोगांवरील औषधेही निकामी होऊ लागली, अशी जाणीव जगभर पसरली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून केवळ वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास बंदी केली. भारत सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या शेवटच्या फळीतील प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापर करण्यास मनाई केली. रक्ती हगवणीने होणारी जगाची हानी थोडीथोडकी नाही. २०१६ च्या किमतींनुसार ती वर्षाला सुमारे १० अब्ज पौंड असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. साहजिकच शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा एकदा वनस्पतींकडे वळली.

ओव्याचे फूल

ज्या घरात अमृतधारेची बाटली आहे, त्या घराला सुगंधी तेलांची ओळख नव्याने करून द्यावयास नको. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल ही तिन्ही एकत्र करताच आपोआप पातळ होतात, तीच अमृतधारा. यातील ओव्याचे फूल म्हणजेच थायमॉल. ओव्याच्या दाण्यात शेकडा २ ते ४ भाग उडनशील तेल असते आणि त्या तेलाचा मोठा हिस्सा थायमॉलचा असतो. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जर्मनीला जाई व तेथे त्यातून थायमॉल काढले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी माणसांच्या पोटातील अंकुशकृमी पाडण्यासाठी हेच थायमॉल डॉक्टर देत असत. म्हणजे परोपजीवींविरुद्ध ओव्याची ख्याती केवळ आजीबाईच्या बटव्यातली नव्हे.

थायमॉलचे सख्खे भावंड म्हणजे कार्व्हाक्रॉल. युरोपातील ओरेगॅनो या वनस्पतीत ते विपुल असते. आणि आपल्या कुंडीतल्या पानओव्यातही ते सापडते. या पानओव्याला तामिळ घरांत कर्पूरवल्ली म्हणतात, आणि कावेरीकाठच्या अंगणांत ती तुळशीइतकीच ओळखीची आहे. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातील सिट्राल हीही याच बिरादरीतील द्रव्ये होत. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, पण स्निग्ध पदार्थांत सहज शिरतात. जंतूच्या पेशीभोवतीचे आवरण स्निग्ध असते. त्यात शिरून ही द्रव्ये ते आवरण सच्छिद्र करतात आणि फुटक्या घागरीसारखी जंतूची पेशी रिती होते.

प्रयोगशाळेतील काचपात्रात हा परिणाम स्पष्ट दिसतो. मोरोक्कोतील संशोधकांनी २०११ साली लवंग, थाइम इत्यादींच्या तेलांनी आयमेरियाची चिवट बीजेदेखील नष्ट होतात असे दाखविले. परंतु काचपात्र निराळे आणि कोंबडीचे पोट निराळे. ग्रीसमधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने फार बोधप्रद आहे. आयमेरिया टेनेलाची मुद्दाम लागण केलेल्या पिलांपैकी काहींना त्यांनी दर किलो खाद्यात ३०० मिलिग्रॅम ओरेगॅनो तेल दिले, काहींना नेहमीचे औषध दिले आणि काहींना काहीच दिले नाही. तेल मिळालेली पिल्ले काहीच न मिळालेल्यांपेक्षा निश्चितच चांगली वाढली. तथापि, औषध मिळालेल्या पिलांची बरोबरी त्यांना करता आली नाही.

असे का व्हावे? कारणे समजण्यास कठीण नाहीत. पहिले कारण असे, की थायमॉल व कार्व्हाक्रॉल आतड्याच्या वरच्या भागातच रक्तात शोषली जातात. आणि टेनेलाचा तळ असतो आतड्याच्या शेवटी. शिपाई वेशीवरच थांबला आणि चोर माजघरात, असा हा प्रकार. म्हणूनच हल्ली तेलाला मेणासारखे किंवा इतर वेष्टन देऊन ते खालपर्यंत पोहोचविण्याचे प्रयत्न चालले आहेत. दुसरे कारण, जंतूचे बरेचसे आयुष्य आतड्याच्या पेशींच्या आत लपून जाते. उघड्यावर तो थोडाच वेळ येतो. तिसरे कारण, एकाच वनस्पतीचे तेल जमीन, हंगाम आणि ऊर्ध्वपातनाची रीत यांप्रमाणे बदलते. आज घेतलेल्या बाटलीचा गुण उद्याच्या बाटलीत असेलच, असे नाही.

चिमूटभर ओव्याने भागेल काय?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात येथे प्रश्न उभा राहिला असेल : मग घरचाच ओवा दाण्यात मिसळला तर? चला, हिशेबच करून पाहू. वरील प्रयोगात एक किलो खाद्यात ३०० मिलिग्रॅम तेल होते. ओव्यात शेकडा ३ भाग तेल धरले, तर तेवढ्या तेलासाठी किलोमागे १० ग्रॅम, म्हणजे क्विंटलभर खाद्याला १ किलो ओवा लागेल. मूठभर दाण्यावर चिमूटभर ओवा भुरभुरून मनाला समाधान मिळेल. जंतूला त्याची दखलही घ्यावी लागणार नाही. आणि हा केवळ अंकगणिताचा हिशेब झाला. ओव्याचे तेल व ओरेगॅनोचे तेल तंतोतंत सारखे नाही, हेही विसरता कामा नये.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. शुद्ध तेलाचे थेंब पाण्याच्या भांड्यात टाकले, तर ते पाण्यात न मिसळता वर तरंगतात. पहिले पिलू आले, की त्याच्या चोचीत सारा अर्क जातो. तोंड व गळा पोळतो आणि उरलेल्यांना काहीच मिळत नाही. जे औषध आहे ते मात्रेवाचून औषध राहत नाही, हा आपल्या वैद्यकाचा जुनाच दंडक आहे.

मात्रेची ही शिस्त तंजावरच्या भूमीला नवी नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य होते. त्या घराण्यातील सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले, तसेच धन्वंतरी महाल स्थापून तेथे माणसांसाठी व जनावरांसाठी औषधे तयार करविली आणि रुग्णांच्या नोंदीही ठेवविल्या. नुसते औषध देऊन न थांबता त्याचा काय परिणाम झाला हे टिपून ठेवणे, यातच शास्त्राचा प्रारंभ असतो.

आज त्याच तंजावरात तामिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचे पारंपरिक पशुवैद्यकावरील केंद्र आहे. डॉ. एन. पुण्यमूर्ती यांनी तेथे अनेक वर्षे हे कार्य केले व शेतकऱ्यांना स्वयंपाकघरातील आणि परसातील वनस्पतींचे उपचार शिकविले. गाईच्या स्तनदाहावरील त्यांचा उपचार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देशभर पोहोचविला आहे. त्याचे प्रमाण पाहा : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. ‘थोडीशी हळद, जरासा चुना’ अशी भाषा तेथे नाही. कोंबड्यांसाठी वनस्पतींचा उपयोग करावयाचा तर हीच वाट धरली पाहिजे.

‘वनस्पतिजन्य’ या शब्दाची भुरळ

कोंबडीचे शत्रू पोटातच असतात असे नाही. तांबडा माइट हा कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव आणि कोंबडीची गोचीड ही दोन्ही दिवसा खुराड्याच्या फटींत दडून बसतात व रात्री येऊन रक्त पितात. गोचिडीमुळे पक्ष्याला एक प्रकारचा जीवघेणा तापही येतो. या बाह्य परोपजीवींवर लवंग, थाइम यांसारख्या तेलांचा प्रभाव प्रयोगांत चांगला दिसून आला आहे. फटीत कोंडलेली त्यांची वाफसुद्धा माइटला मारक ठरते. मात्र जे तेल वाफ होऊन मारते, तेच तेल वाफ होऊन काही दिवसांत उडूनही जाते. तेव्हा हा उपाय पुन:पुन्हा करावा लागतो.

येथे २०१७ सालची एक घटना सांगणे अगत्याचे आहे. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये तांबड्या माइटवर निलगिरी व मेंथॉल यांचे मिश्रण म्हणून एक द्रव अनेक कोंबडीपालकांनी वापरला. गुण उत्तम आला. पुढे तपासात उघड झाले, की त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा मिसळलेले होते, आणि ते अंड्यांत उतरले होते. लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली, कित्येक कुक्कुटशाळांना टाळे लागले. कोंबडीपालकांनी वनस्पतीवर विश्वास टाकला; विश्वासघात केला तो माणसाने. यासाठी बाटलीवर ‘वनस्पतिजन्य’ असे लिहिलेले पाहून भुलू नये. घटकांची नावे, प्रमाण व उत्पादकाचा परवाना पाहावा. आणि एखाद्या निसर्गदत्त औषधाचा गुण अचंबा वाटावा इतका झटपट आला, तर आनंदाआधी शंका घ्यावी.

घरी काय करावे?

मग सुगंधी तेले व्यर्थ आहेत काय? मुळीच नाही. ती मदतनीस आहेत, मालक नव्हेत. योग्य प्रमाणात, खाद्यात एकजीव करून, लागण होण्याच्या आधीपासून दिली, तर ती पिलांची पचनशक्ती व प्रतिकारशक्ती सांभाळण्यास हातभार लावतात आणि औषधांवरील भार हलका करतात. परंतु रक्ती हगवण एकदा सुरू झाल्यावर ओव्यावर विसंबून तीन दिवस वाट पाहणे म्हणजे पिल्ले हातची घालविणे होय. विष्ठेत रक्त दिसताच त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. जमल्यास मेलेले पिलूही बरोबर न्यावे, म्हणजे निदान पक्के होते. डॉक्टरांनी सांगितलेले औषध सांगितले तितकेच दिवस द्यावे, आणि त्या काळातील अंडी केव्हापासून खावीत हेही त्यांनाच विचारावे.

त्याहूनही श्रेष्ठ उपाय म्हणजे जंतूला ओल मिळू न देणे. खुराड्याची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा हातभर उंच असावी. तुसाची गादी रोज हलवावी. भिजलेला भाग लगेच काढून टाकावा. पाण्याचे भांडे पिलाच्या पाठीइतक्या उंचीवर विटेवर ठेवावे, म्हणजे पाणी सांडत नाही व त्यात विष्ठा पडत नाही. दाणे जमिनीवर फेकू नयेत. लहान पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवावीत, कारण निरोगी दिसणारी कोंबडीही आपल्या विष्ठेतून बीजे पसरवीत असते. पिंपे व भांडी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात तापवावीत. खुराड्याच्या फटी चुन्याने बुजवाव्यात, म्हणजे माइट व गोचिडीचे घरच मोडते.

एक गोष्ट आणखी. जंतूचा समूळ नायनाट हे आपले ध्येय नसावे, आणि ते साधणारही नाही. थोडी थोडी बीजे पोटात गेलेले पिलू आजारी न पडता प्रतिकारशक्ती मिळविते. याच तत्त्वावर या रोगाची लस १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाली. पिलाच्या वाट्याला शत्रू येऊ द्यावा, पण त्याच्या सैन्याची लाट येऊ देऊ नये. सारे कौशल्य एवढ्यात आहे.

आता पापनाशमच्या त्या कोठाराकडे पुन्हा एकदा पाहू. ज्यांनी ते बांधले त्यांच्यापाशी थायमॉल नव्हते की अँप्रोलियम नव्हते. पाऊस थांबविणे त्यांच्या हाती नव्हते, कावेरीचे पाणी अडविणेही नव्हते. त्यांनी एवढेच पाहिले, की आपले धान्य जेथे आहे तेवढी जागा तरी कोरडी राहावी. गृहिणीच्या खुराड्यालाही हाच न्याय लागू आहे. पावसाळा तोंडावर आला असेल, तर आज सायंकाळी कोंबड्या कोंडण्यापूर्वी आपण एकच करावे : खुराड्यातील तूस मुठीत घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडताच ते मोकळे होऊन विखुरले तर निश्चिंत झोपावे. गोळा होऊन राहिले, तर ओवा आणावयास धावण्याआधी तूस बदलावे.